बारकीसाठी पुस्तकं शोधताना केलेले घोळ

गेल्या वर्षी जूनमध्ये थोरल्याची चौथीची पुस्तकं आणली आणि रविवारी कव्हर घालायला बसलो तर इतिहासाचं पुस्तक गायब. ते शिवछत्रपतींचं, आपण सगळेच शिकलोय ते. शोधलं तर बारकी आतल्या खोलीत शहाबादी फरशीवर फॅनखाली पालथी पडून वाचत होती, आणि चित्रं बघत नव्हती, पार आग्र्याच्या पुढं गेलेली. दुसरीत जाणार होती ती तेव्हा. मान वर न करताच मला विचारलं, "पप्पा, महाराज पुढं आले पण संभाजीराजे मथुरेला मागंच राहिले ना, मग त्यांना रात्री भीती नाही वाटली का?" मी काहीतरी उत्तर दिलं, काय दिलं ते आठवत पण नाही, कारण माझ्या डोक्यात एकच, अरे ही दुसरीतली पोरगी चौथीचं पुस्तक वाचतेय की! लगेच फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. तेव्हा फोटोऐवजी त्या प्रश्नाकडं नीट बघितलं असतं तर पुढचे निम्मे घोळ वाचले असते.

आधीच सांगतो, मी काही वाचणारा माणूस नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, माझं वाचन म्हणजे पेपर आणि जीएसटीच्या नोटिसा. त्यामुळं शाळेतल्या टीचर म्हणाल्या की हिला आता चित्रांची पुस्तकं पुरत नाहीत, चॅप्टर बुक्स द्या, तेव्हा मला चॅप्टर बुक म्हणजे काय तेच माहिती नव्हतं. म्हणजे प्रकरणं असलेलं, एका बैठकीत न संपणारं पुस्तक, एवढंच. मी त्याचा अर्थ लावला जाड पुस्तक.

नवी पेठेत गेलो. दुकानदारानं विचारलं वय किती, म्हणलं सात, पण वाचते बारा वर्षांच्या पोरीसारखं. हे सांगताना जरा छाती फुगवूनच सांगितलं. त्यानं मग त्या हिशेबानं काढून दिली आणि मी तिन्ही जाडजूड घेतली. एक समुद्रावरच्या साहसाचं भाषांतर, एक थोर पुरुषाचं चरित्र आणि तिसरं श्यामची आई.

भाषांतर तिनं नवव्या पानावर सोडलं. मी जरा रागावलोच, एवढे पैसे घालून आणलंय म्हणलं. नंतर मीच वाचून बघितलं तर एकेक वाक्य चार-चार ओळींचं, वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवातीला कोण होतं तेच विसरायचं. मला कळत नव्हतं, तिला काय कळणार.

चरित्र मात्र पूर्ण वाचलं. म्हणलं सांग बरं काय झालं त्यात. तर म्हणाली, ते लहानपणी हलाखीला राहायचे. कुठं? हलाखीला, गाव आहे ते, तिथली परिस्थिती होती त्यांची. पुस्तकात "हलाखीची परिस्थिती" लिहिलेलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो आणि आमच्या घरात पंधरा तारखेनंतर पगार संपला की आता पण म्हणतो, चला हलाखी स्टेशन आलं. पण हसण्यावारी नेलं तरी तेव्हाच पहिल्यांदा लक्षात आलं की ही सगळं वाचते म्हणजे सगळं उच्चारते. जोडाक्षरं, रफार, काही अडत नाही. खाडखाड वाचते म्हणून आपण समजतो की आत पण सगळं उतरतंय.

आता श्यामची आई. हे पुस्तक १९३३ साली साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि त्यात प्रकरणाला प्रकरण म्हणत नाहीत, रात्र म्हणतात, रात्र पहिली, रात्र दुसरी असं. बारकीला ते लई आवडलं. म्हणाली रोज एक रात्र वाचणार. पहिल्या दिवशी एक रात्र, दुसऱ्या दिवशी दोन, रविवारी बसली तर एका दुपारी सात रात्री झाल्या. पोहायला घाबरणाऱ्या श्यामचं वाचून खदाखदा हसत होती. मी ग्रुपवर परत मेसेज टाकला, अमुक पानं झाली म्हणून. हिशेबनीस माणूस, पानं मोजायची सवय.

पुस्तक संपलं त्याच्यानंतर दोन-तीन दिवसांनी बायको म्हणाली हिचं काहीतरी बिनसलंय. शाळेतनं आली की दप्तर पाठीवर तसंच, बूट तसेच, आधी स्वयंपाकघराच्या दारातनं डोकावून बघायची आणि मगच बूट काढायला परत बाहेर. रात्री आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून झोपायची, बायको उठायला लागली की जागी. त्यात नेमका त्याच आठवड्यात बायकोला ताप आला, साधा व्हायरल, सगळ्या गल्लीत चालू होता. तर ही दर थोड्या वेळानं येऊन कपाळाला हात लावून बघणार, काही बोलणार नाही, जाणार. शेवटी एका रात्री गच्चीवर मला विचारलं, आजूबाजूला कुणी नाही बघून, "पप्पा, श्यामची आई पण आधी नुसती आजारीच होती ना?"

खरं सांगतो, काय बोलावं ते सुचेना. तिला शब्द सगळे कळले होते. हे हलाखीसारखं नव्हतं. उलट नको तितकं कळलं होतं आणि ते एकटीनं, दुपारी, सगळे आपापल्या कामात असताना.

आमची आज्जी म्हणाली त्यात काय एवढं, आम्ही पण रडलोय की. तिनं अत्र्यांचा तो १९५३ चा पिक्चर गावाकडं टुरिंग टॉकीजमध्ये बघितलेला. पण मी विचारलं तेव्हा किती वर्षाची होतीस, तर बारा-तेरा, आणि शेजारी कोण बसलेलं, तर तिची आई आणि दोन मावश्या. मग झालं की.

पुस्तक वाईट नव्हतंच, ते कपाटात आहे, येईल तिची वेळ. चूक माझी, मी सात वर्षाच्या पोरीच्या हातात देऊन फक्त पानं मोजत बसलो.

त्यानंतर महिनाभर घरात नवीन पुस्तक नाही. ती परत जुनी चित्रांची पुस्तकं काढून बसायला लागली आणि मला वाटलं गेलं, मागं आली. फोनवर स्टोरीवीवर नावाच्या साइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्यात लेव्हल एक ते चार आहेत, चौथी लेव्हल दाखवली तर दहा मिनिटात एक गोष्ट संपते, मग दुसरी, मग तिसरी, शेवटी हातात फोन आणि गोष्ट बाजूला, यूट्यूब चालू. ते बंद केलं. खरी अडचण इथंच आहे, चित्रांची छोटी पुस्तकं मराठीत आता चांगली निघतात, आणि मोठ्यांची तर आहेतच, मधल्या पायरीवर मात्र शोधावं लागतं.

मग घराजवळच्या वाचनालयात गेलो. हिराचंद नेमचंद वाचनालय मोठं आहे पण आम्हाला लांब पडतं, हे जवळचं, बाहेर पाटीवर 'शासनमान्य' आणि खाली 'ब' वर्ग असं रंगवलेलं. इतकी वर्षं त्या पाटीखाली गाडी लावून भाजी आणलीय मी, आत पहिल्यांदा गेलो. भिंतीवर ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचे १९३१ चे पाच नियम लावलेले, त्यात एक, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि लगेच खाली, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तिथल्या मॅडमना मी सगळी रामकहाणी सांगितली, अर्थात "बारा वर्षांच्या पोरीसारखं" पण सांगितलंच, जित्याची खोड. त्या म्हणाल्या, वाचते बाराचं असेल, पण घाबरते किती वर्षाचं? मी म्हणलं सातचं. मग म्हणाल्या, सातचंच पुस्तक शोधायचं, फक्त जरा लांबीला जास्त.

आणि त्यांनी पाच बोटांची युक्ती सांगितली. मधलंच कुठलं पण पान उघडायचं, पोरीला वाचू द्यायचं, न येणारा शब्द आला की एक बोट उघडायचं, पानभरात पाच बोटं उघडली म्हणजे ते पुस्तक सध्या नको. शून्य-एक म्हणजे अगदी सोपं, दोन-तीन म्हणजे बरोबर. आम्ही तिथंच करून बघितलं तर बारकीची मूठ बंदच. सगळे शब्द येतात म्हणाली. मॅडमनी एका शब्दावर बोट ठेवलं, 'पडवी', सांग काय? गप्प. उघड बोट. म्हणजे मराठीत ही युक्ती जरा बदलून वापरावी लागते, अक्षर एकदा बसलं की पोरं काहीपण वाचून दाखवतात, त्यामुळं 'वाचता येतं का' असं नाही, 'सांगता येतं का' असं विचारायचं.

यात एक गंमत कळली. बारकीची बोटं उघडायची ती अवघड शब्दांवर नाहीच, लांबच्या गावांच्या शब्दांवर. पडवी, आगर, माड, कौलं. मराठीतली बरीच पोरांची पुस्तकं पुण्या-मुंबईच्या नाहीतर कोकणातल्या घरात घडतात आणि आमच्या पोरीनं आजोळी बघितलंय ते माळवद, त्यावर वाळत घातलेल्या शेंगा आणि उन्हाळ्यात तिथंच झोपणं. याउलट वाकळ, उतरंड, जातं असल्या शब्दांना मला वाटलं अडेल तर आज्जीमुळं सगळे पाठ. तेव्हा पुस्तक जुनं आहे म्हणून अवघड आणि नवीन म्हणून सोपं असं काही नसतं, घरात कोण काय बोलतं त्यावर आहे. कधीतरी कुणीतरी आमच्या पूर्व भागातल्या मागाच्या खटखटाटात घडणारी पोरांची कादंबरी लिहा राव, मी दहा कॉप्या घेईन.

मॅडमनी त्या दिवशी दिलं तोत्तोचान. जपानी पुस्तक, तेत्सुको कुरोयानागी यांचं, मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलंय. मी म्हणलं भाषांतर नको, एक अनुभव आहे. त्या म्हणाल्या पहिलं पान मोठ्यानं वाचा. तिथंच काउंटरपाशी उभा राहून वाचलं आणि जीभ कुठं अडखळली नाही. ही परीक्षा मी आता प्रत्येक भाषांतराला लावतो, मोठ्यानं वाचायचं, दम लागला की परत ठेवायचं. दुसरं म्हणजे त्यातली प्रकरणं दोन-दोन तीन-तीन पानांची आहेत, एका प्रकरणात एकच गोष्ट घडते आणि संपते, आणि ती पोरगी पहिलीतली. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा! आम्ही स्टेशनवर हुतात्मा एक्सप्रेसला कुणाला सोडायला गेलो की बारकी आता डबे मोजते, हा दुसरीचा, हा तिसरीचा.

त्या शाळेतले हेडमास्तर मुलांना सांगतात डब्यात डोंगरावरचं काहीतरी आणि समुद्रातलं काहीतरी आणा. झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला बायको भाकरी थापतेय आणि ही म्हणते मला समुद्रातलं काहीतरी दे. सोलापुरात समुद्र कुठनं आणायचा, आम्ही माशे खात नाही. बायकोनं हात न थांबवता सांगितलं, भाकरीत मीठ आहे की, ते समुद्रातलंच. आणि डोंगरावरचं? शेंगाची चटणी घे, शेंगा माळावरच्या, माळ म्हणजे आपला डोंगरच समज. पोरगी खूश होऊन गेली. मला वाटतं ते हेडमास्तर पण खूश झाले असते.

त्या पुस्तकात पण एक मुलगा मरतो. मी ते वाचून ठेवलं नव्हतं, मधेच कळलं आणि पोटात गोळा आला, म्हणलं परत सुरू. ती वाचून आली, माझ्याशेजारी बसली, म्हणाली यासुआकी-चान वारला. मग थोड्या वेळानं, त्याला झाडावर चढवलं होतं ना तिनं आधी, ते बरं झालं. आणि उठून खेळायला गेली. यावेळी तिनं येऊन सांगितलं, हा फरक. आणि मरणारा तिच्या वयाचा दोस्त होता, आई नव्हती, हा पण असेल. मी काही मानसशास्त्रज्ञ नाही.

त्यानंतर फास्टर फेणे घरात आला आणि घराची शांतता गेली. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा, काही झालं की जिभेनं 'ट्टॉक' करतो. आमच्याकडं आमटीत मीठ बरोबर पडलं तरी ट्टॉक, लाईट गेली तरी ट्टॉक, आज्जीची कवळी सापडली तरी ट्टॉक. पुण्याला जाताना हडपसर आलं की फुरसुंगी कुठंय विचारून विचारून ड्रायव्हरचं डोकं खाल्लं. या मालिकेचा फायदा असा की माणसं ओळखीची असतात, लेखकाची बोलायची पद्धत ओळखीची असते, त्यामुळं नवीन पुस्तकात पहिली वीस पानं चाचपडत जात नाहीत, पोरगं थेट गोष्टीत पडतं. जुन्या काळातल्या गोष्टी अडतात, तार म्हणजे काय विचारलं. तार बंद होऊन किती झाली, २०१३ च्या जुलैत बंद झाली, तिच्या जन्माच्या आधीच. सांगितलं पैसे मोजून पाठवायचा छोटा मेसेज. म्हणाली मग लोक गुड मॉर्निंग पाठवत नसतील. हे खरं.

एकच पुस्तक तिनं तीनदा आणायला लावलं तेव्हा मी वाचनालयात कुरकुर केली, नवीन घे की, कार्डावर दोनच पुस्तकं मिळतात. मॅडम म्हणाल्या, तुम्ही एकच गाणं किती वेळा ऐकता हो? गप्प बसलो. आमच्या गाडीतल्या पेनड्राइव्हवर बारा गाणी आहेत, आठ वर्षांपासून तीच.

शेजारी तेलुगु आजोबा आहेत, त्यांच्याकडं चांदोबाचे जुने अंक बांधून ठेवलेत, मराठी आणि तेलुगु दोन्ही. ते दरवेळी ऐकवतात की आमच्यात चंदामामा आधी आला, १९४७ ला, तुमचा चांदोबा मागनं. बारकी विक्रम-वेताळाच्या गोष्टीत वेताळाचा प्रश्न आला की पान झाकते आणि आधी स्वतः उत्तर देते, मग बघते. आजोबा दुपारी झोपायचं सोडून तिच्याशी वाद घालत बसतात. बालभारतीचं किशोर १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात, त्यातल्या निवडक गोष्टी झेरॉक्सवाल्याकडनं प्रिंट काढून पिना मारून देतो, स्क्रीनवर देत नाही, कारण वर सांगितलंच.

ऑनलाइन पुस्तक मागवण्याबद्दल एवढंच की आतलं पान दिसत नसेल तर मागवू नका. एका साइटवरनं मागवलेलं आलं तर अक्षर मुंगीएवढं, ओळींमध्ये जागा नाही, मलाच चष्मा लागला. सात वर्षाच्या डोळ्याला मोठं अक्षर, ऐसपैस ओळी आणि मधेमधे एखादं चित्र लागतंच, वाचन कितीही पुढं असू दे. आणि आमच्या ऑफिसमधल्या एकांनी सांगितलं इंग्लिश पुस्तकांना लेक्साइल म्हणून नंबर असतो, तो बघून घ्या. बघितलं मी. तो नंबर वाक्याची लांबी आणि शब्द किती नेहमीचे यावर काढतात. गोष्टीत कोण मरतं ते त्यात नसतं. मला त्या नंबरापेक्षा मॅडमचा 'घाबरते किती वर्षाचं' हा प्रश्न जास्त उपयोगी पडला.

आता जड पुस्तकं आम्ही वेगळी ठेवलीत, ती बारकी एकटी वाचत नाही, रात्री मी वाचून दाखवतो. ऐकून तिला बरंच पुढचं कळतं, आणि कुठं थांबायचं ते माझ्या हातात राहतं. सध्या एक होता कार्व्हर चालू आहे, वीणा गवाणकरांनी लिहिलेलं अमेरिकेतल्या शेतीशास्त्रज्ञ कार्व्हरांचं चरित्र. मी आधी चाळून ठेवतो, आता ही शिस्त लावून घेतलीय. तरी सुरुवातीलाच ते आलं, तान्ह्या कार्व्हरला आणि त्याच्या आईला पळवून नेतात, पोरगं घोड्याच्या बदल्यात परत मिळतं, आई मिळतच नाही. त्या पानाला मी थांबलो. तिचा पाय माझ्या पायावर होता, तो तसाच. म्हणलं पुढं वाचू का उद्या? म्हणाली, वाचा की, तुम्ही हाय ना. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडली, मम्मी, तू पण ये ऐकायला. बायको हात पुसत आली, थोरला क्रिकेटची मॅच म्यूट करून दारात उभा राहिला. तेव्हापासनं चौघं असतो.

कार्व्हर भुईमुगाचं काय काय करतात ते आलं तेव्हा बारकीनं विचारलं, त्यांनी शेंगाची चटणी पण केली का? आज्जी कोपऱ्यातनं म्हणाली, केली असेल, पण उखळात कुटली नसेल.

पुस्तक परत द्यायची तारीख शनिवार होती. आज मंगळवार, शेवटची पंधरा-वीस पानं राहिलीत, कार्व्हर जातात तिथपर्यंत आलोय, मी बघून ठेवलंय. काल वाचनालयात दंड भरायला गेलो तर मॅडम म्हणाल्या मुदत वाढवून देते की. बारकी पुढं होऊन म्हणाली, द्या मॅडम, पप्पा लई हळू वाचतात.